टेलिफोनी कार्ड पहिल्यांदा बसवताना: आवाज कुठून जातो, सिग्नलिंग कुठून, आणि काय कुठे अडतं

एक सर्व्हर, एक टेलिफोनी कार्ड (फोनच्या लाइन सर्व्हरला जोडणारं कार्ड) आणि "सोमवारपर्यंत आयव्हीआर चालू करा" एवढा निरोप (आयव्हीआर म्हणजे "एक दाबा, दोन दाबा" सांगत आपोआप उत्तर देणारी यंत्रणा) ज्यांच्या टेबलावर येऊन पडतो, त्यांच्यासाठी हा लेख आहे. ऑफिस हिंजवडीतलं सपोर्ट सेंटर असो, भोसरीतला कारखाना असो की कोथरूडमधली पॅथॉलॉजी लॅब, काम तेच. उदाहरणं अ‍ॅस्टेरिस्क (सर्व्हरला टेलिफोन एक्स्चेंज बनवणारं सॉफ्टवेअर) आणि त्याच्यासोबतच्या, कार्ड चालवणाऱ्या डाहडी ड्रायव्हरची घेतली आहेत, कारण नव्या माणसाच्या हाती बहुतेक वेळा तेच येतं. जुन्या मार्गदर्शिकांत झॅपटेल हे नाव दिसलं तर गोंधळू नका. डाहडीचंच ते जुनं नाव आहे, २००८ मध्ये बदललेलं.

कामाला हात घालण्याआधी एक गोष्ट पक्की करा. प्रत्येक कॉलमध्ये दोन वेगळी कामं चालू असतात. एक आवाज नेण्याआणण्याचं, दुसरं सिग्नलिंगचं, म्हणजे रिंग आली, फोन उचलला, अमुक नंबर लावला, फोन ठेवला हे समोरच्याला कळवण्याचं. तक्रार आली की आधी विचारा, बिघाड यातल्या कोणत्या कामात आहे? कॉल कट होत नसेल तर गेन (आवाजाची पातळी) वाढवून उपयोग नाही, आणि आवाजात टकटक येत असेल तर डायल प्लॅन (कोणता नंबर कुठे जाईल याचे नियम) उलटापालटा करून उपयोग नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच विभागणीवर उभ्या आहेत.

१. लाइन कोणती आहे ते स्वतः पाहा

"आमच्याकडे पीआरआय आहे" असं सांगितलं जातं आणि प्रत्यक्षात भिंतीवर चार साध्या लँडलाइन असतात. म्हणून कार्ड मागवण्याआधी जागेवर जाऊन बघा.

साधी अ‍ॅनालॉग लाइन म्हणजे तांब्याची एक जोडी. मल्टिमीटर डीसीवर ठेवून मोजलं तर फोन ठेवलेला असताना ४८ व्होल्टच्या आसपास दाब दिसतो, आणि उचलल्यावर तो साधारण ५ ते १२ व्होल्टवर उतरतो. रिंगच्या वेळी त्याच जोडीवर ७५ ते ९० व्होल्ट एसी चढतो, त्यामुळे चालू लाइनला उघड्या हाताने धरू नका. एका जोडीवर एका वेळी एकच कॉल.

पीआरआय म्हणजे ई-१ वर चालणारी डिजिटल लाइन. तिच्यात ३२ टाइमस्लॉट असतात, प्रत्येकी सेकंदाला ६४ किलोबिटचा, मिळून २.०४८ मेगाबिट. स्लॉट ० चौकट जुळवण्यासाठी आणि स्लॉट १६ सिग्नलिंगसाठी राखलेला असतो. उरलेल्या ३० मधून ३० कॉल एकाच वेळी चालतात. ऑपरेटरचा मोडेम किंवा मक्स भिंतीवर बसवलेला असतो आणि त्यातून आरजे-४५ किंवा दोन बीएनसी (गोल, फिरवून लावायचे जोड) बाहेर येतात.

तिसरा प्रकार आता पुण्यात सर्रास दिसतो. तांबं काढून फायबर आलेलं असतं आणि फोनची जोडी ओएनटीच्या (फायबरच्या टोकाला बसवलेल्या) खोक्यातून निघते. कार्डाच्या दृष्टीने ही अ‍ॅनालॉग लाइनच. फरक एवढाच की रिंग, कॉलर आयडी आणि कॉल संपल्याची खूण हे सगळं आता त्या खोक्याच्या सेटिंगवर ठरतं, आणि वीज गेली की लाइनही जाते. तेव्हा ओएनटी सर्व्हरच्याच यूपीएसवर घ्या.

२. कार्ड निवडा

अ‍ॅनालॉग कार्डावर दोन तऱ्हेचे पोर्ट असतात. एफएक्सओ पोर्टला एक्स्चेंजची लाइन लागते. एफएक्सएस पोर्ट स्वतः ४८ व्होल्ट आणि रिंग तयार करतो, त्याला साधा फोन जोडायचा. डिजियमच्या जुन्या कार्डांवर एफएक्सओचं मॉड्यूल लाल आणि एफएक्सएसचं हिरवं असायचं, पण इतर कंपन्यांचे रंग वेगळे असतात, म्हणून मॉड्यूलवरची अक्षरं वाचा. एक्स्चेंजची लाइन चुकून एफएक्सएसमध्ये घातली तर पहिल्या रिंगला मॉड्यूल जळू शकतं. पोर्टवर मार्करने "बाहेरची" आणि "आतली" असं लिहून ठेवा. शिवाय एफएक्सएस असलेल्या कार्डाला बहुधा सर्व्हरच्या एसएमपीएसमधून वेगळी १२ व्होल्टची वायर द्यावी लागते. ती राहिली की पोर्ट सापडतो, पण फोनला टोन येत नाही.

पीआरआयसाठी एक, दोन किंवा चार पोर्टचं ई-१ कार्ड घ्या. इथे तीन गोष्टी तपासायच्या.

पहिली, स्लॉट. जुनी पीसीआय कार्डं ३.३ आणि ५ व्होल्टची वेगवेगळी येत, खाचही वेगळी असे. आजच्या सर्व्हरमध्ये पीसीआय एक्सप्रेसच असतं. सेकंडहँड कार्ड स्वस्त मिळालं म्हणून उचलू नका, आधी सर्व्हर उघडून बघा. उंची कमी असलेल्या सर्व्हरला छोटी पट्टीही लागते.

दुसरी, प्रक्रिया कुठे होते. डायलॉजिकसारख्या जुन्या घराण्याच्या कार्डांवर स्वतःचे डीएसपी (आवाजाचं गणित करणाऱ्या चिप) असतात. टोन ओळखणं, ध्वनी वाजवणं, रेकॉर्ड करणं, इको काढणं हे सगळं कार्डावरच होतं आणि सर्व्हरला फक्त "अंक आला", "कॉल संपला" अशा घटना कळतात. मोठ्या जुन्या यंत्रणांमध्ये अशी कार्डं एकमेकांना एच-१०० नावाच्या पट्टीकेबलने जोडलेली दिसतील. त्या बसवर ४०९६ टाइमस्लॉट असतात, म्हणजे एका कार्डावरचा आवाज सर्व्हरच्या प्रोसेसरला न शिवता दुसऱ्या कार्डावर जातो. डिजियम, सँगोमा, ओपनव्हॉक्स यांची बहुतेक कार्डं मात्र आवाज जसाच्या तसा सर्व्हरच्या मेमरीत टाकतात आणि गणित सर्व्हरचा प्रोसेसर करतो. ही स्वस्त पडतात, पण मग सर्व्हरची शिस्त महत्त्वाची ठरते. ती चौथ्या पायरीत.

तिसरी, हार्डवेअर इको कॅन्सेलर, म्हणजे परत येणारा प्रतिध्वनी कार्डावरच काढणारा भाग. पैसे वाचवायला जी गोष्ट पहिल्यांदा वगळली जाते, ती हीच, आणि सगळ्यात जास्त तक्रारीही हिच्याच येतात. अ‍ॅनालॉग लाइन असतील तर इको कॅन्सेलरचं कार्डच घ्या.

सामान आणि कागदपत्रं

हत्यारं: मल्टिमीटर, क्रोन पंचिंग टूल (पट्टीत तार दाबून बसवायचं), आरजे-४५ क्रिम्पिंग टूल, एक साधा वायरचा फोन (तपासणीसाठी यासारखं दुसरं यंत्र नाही), प्रत्येक लाइनसाठी गॅस डिस्चार्ज ट्यूब असलेलं प्रोटेक्शन मॉड्यूल, अंगाला बांधायचा अँटिस्टॅटिक पट्टा. यातलं बहुतेक बुधवार पेठेत तपकीर गल्लीत एका फेरीत मिळतं. कार्ड मात्र अधिकृत विक्रेत्याकडून बिलासकट घ्या, बदलून घ्यायची वेळ आली की बिलच कामी येतं.

कागद: नव्या पीआरआयसाठी ऑपरेटरला सहसा कंपनी नोंदणीचा दाखला, पॅन, जीएसटी प्रमाणपत्र, जागेचा पुरावा आणि अधिकृत सही करणाऱ्याचं पत्र व ओळखपत्र लागतं. त्यासोबत ऑपरेटरकडून लेखी मागून घ्यायच्या गोष्टी अशा: पायलट नंबर (मुख्य नंबर), डीआयडीची मालिका (थेट एक्स्टेंशनला लागणारे नंबर), येणाऱ्या कॉलवर शेवटचे किती अंक पाठवले जातील, सीआरसी-४ (लाइनवरच्या चुका पकडणारी तपासणी) चालू आहे की बंद, आणि सिग्नलिंग युरो आयएसडीएन (पीआरआयवरची सिग्नलिंगची एक ठरलेली पद्धत) आहे ना. शेवटच्या तीन उत्तरांशिवाय पाचवी पायरी अंदाजपंचे होते.

३. लाइन कार्डापर्यंत आणा

एमडीएफच्या (बाहेरच्या लाइन इमारतीत येऊन थांबतात त्या चौकटीच्या) क्रोन पट्टीपासून सर्व्हरपर्यंत प्रत्येक लाइनची वेगळी पिळलेली जोडी आणा. एका लाइनची एक तार एका जोडीतली आणि दुसरी तार शेजारच्या जोडीतली, असं झालं की शेजारच्या कॉलचा आवाज ऐकू येतो. ट्यूबलाइटच्या चोकजवळून किंवा एसीच्या वायरसोबत केबल नेऊ नका, गुणगुण येते.

वीज पडून कार्ड जाणं ही इथली नेहमीची गोष्ट आहे, विशेषतः एप्रिल-मेच्या वळवात. प्रोटेक्शन मॉड्यूल एमडीएफवर बसवा आणि त्याची अर्थिंग खरोखर अर्थपिटाला गेली आहे का ते बघा. गॅस ट्यूब २३० व्होल्टची निवडतात, त्यामागे हिशेब आहे. ९० व्होल्ट रिंगचं शिखर सुमारे १२७ व्होल्ट, त्यात लाइनचे ४८ मिळवले की १७५. ट्यूब याच्या आतली असेल तर दर रिंगला तीच पेटेल आणि कॉल येताच लाइन मरेल. सर्व्हरच्या सॉकेटवर न्यूट्रल आणि अर्थमधला दाबही मोजा. तो २ व्होल्टच्या वर असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा, कार्ड नंतर बसवा.

ई-१ च्या आरजे-४५ मध्ये पिन १ आणि २ वर एक जोडी, ४ आणि ५ वर दुसरी. नेहमीची लॅनची केबल कधी चालते, कधी नाही, कारण एका बाजूचं पाठवणं दुसऱ्या बाजूच्या घेण्यावर पडायला हवं. लाल अलार्म (लाइनवरून काहीच येत नाही ही खूण) जात नसेल तर १ ला ४ आणि २ ला ५ अशी उलटी केबल करून बघा. बीएनसी असेल तर ७५ ओहमचं १२० ओहममध्ये रूपांतर करणारा बलून लागतो, नुसता कनेक्टर बदलून भागत नाही.

एक लूपबॅक प्लग आत्ताच करून ठेवा: एका आरजे-४५ मध्येच १ ला ४ आणि २ ला ५ जोडायचं. तो कार्डात घातल्यावर अलार्म गेला, तर कार्ड ठीक आणि दोष केबलमध्ये किंवा पलीकडे. ऑपरेटरच्या माणसाशी वाद घालण्यापेक्षा हा प्लग जास्त बोलतो.

४. ड्रायव्हर आणि घड्याळ

नव्या माणसाचे दिवस इथे जातात, म्हणून ही पायरी सावकाश करा.

आधी कार्ड सापडलं का ते डाहडी-हार्डवेअर कमांडने बघा. ई-१ कार्ड असून २४ चॅनेल दिसत असतील तर कार्ड टी-१ मध्ये आहे. टी-१ ही अमेरिकेची पद्धत, आपल्याकडे ई-१. जुन्या कार्डांवर यासाठी जंपर असतो, नव्यांत ड्रायव्हरच्या पॅरामीटरने बदलतात. जंपर बदलल्यावर संगणक पूर्ण बंद करून चालू करा.

आता आत काय चालतं ते समजून घ्या. लाइनवरचा आवाज सेकंदाला ८००० वेळा मोजला जातो आणि प्रत्येक माप ८ बिटांत बसवलं जातं, म्हणून ६४ किलोबिट. साधं होस्ट-आधारित कार्ड दर मिलिसेकंदाला, म्हणजे सेकंदाला १००० वेळा, प्रोसेसरला इंटरप्ट (हातचं काम थांबवून लक्ष देण्याची खूण) देतं आणि प्रत्येक चॅनेलचे ८ नमुने मेमरीत ठेवतं. एका ई-१ साठी दर मिलिसेकंदाला जाताना २५६ बाइट आणि येताना २५६ बाइट. माल थोडा आहे, वेळ मात्र काटेकोर. प्रोसेसर दुसऱ्या कामात अडकून एक खेप हुकली तर तो मिलिसेकंद गेला. कानाला टक् असं ऐकू येतं, फॅक्स तुटतो, आणि स्लॉट १६ मधला सिग्नलिंगचा निरोप अर्धवट राहिला की लॉगमध्ये एचडीएलसी अ‍ॅबॉर्ट दिसतो. असा संदेश अधूनमधून येत असेल तर ऑपरेटरला फोन लावण्याआधी स्वतःचा सर्व्हर तपासा.

तपासणी सोपी आहे. डाहडी-टेस्ट पाच मिनिटं चालू ठेवा. वेळेच्या अचूकतेचा आकडा ९९.९८ टक्क्यांच्या वर स्थिर राहायला हवा. खाली जात असेल तर कार्डाचा इंटरप्ट डिस्क किंवा नेटवर्क कार्डाशी सामाईक आहे का बघा, कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये घाला, बायोसमधले वीज वाचवण्याचे पर्याय आणि न लागणारे पोर्ट बंद करा, सर्व्हरवर ग्राफिकल डेस्कटॉप चालवू नका. व्हर्च्युअल मशीनमध्ये अशी कार्डं बसवायच्या भानगडीत सुरुवातीला पडूच नका.

दुसरं घड्याळ लाइनचं. ई-१ च्या दोन टोकांपैकी एकानेच वेळ द्यायची आणि दुसऱ्याने ती घ्यायची. ऑपरेटरची लाइन असेल तर वेळ नेहमी ऑपरेटरची. डाहडीच्या सेटिंगमध्ये स्पॅनच्या (एका ई-१ पोर्टच्या) ओळीत पहिला आकडा स्पॅनचा क्रमांक, दुसरा टायमिंगचा. टायमिंगला १ म्हणजे "या लाइनवरून वेळ घे", २ म्हणजे पहिली गेली तर ही, आणि ० म्हणजे "या लाइनला वेळ मी देतो". दुसऱ्या पोर्टवर तुमचाच जुना ईपीएबीएक्स (ऑफिसचं अंतर्गत एक्स्चेंज) असेल तर तिथे ०. त्यापुढे केबलची लांबी, मग फ्रेमिंग सीसीएस, कोडिंग एचडीबी-३ आणि लागू असेल तर सीआरसी-४. आवाजाची चॅनेल १ ते १५ आणि १७ ते ३१, सिग्नलिंगचं चॅनेल १६.

ऑपरेटरच्या लाइनवर टायमिंग चुकून ० राहिलं तर काय होतं? दोन्ही टोकं आपापल्या क्रिस्टलवर चालतात. ई-१ मध्ये दशलक्षात ५० इतका फरक चालतो. तेवढा पडला तर सेकंदाला ८००० फ्रेमपैकी ०.४ फ्रेम घसरते, म्हणजे दर अडीच सेकंदांनी एक टक्. फरक दशलक्षात १ असेल तर सुमारे दोन मिनिटांनी एक. "आवाज छान आहे, पण मधूनच टक् होतं आणि फॅक्स कधीच पूर्ण जात नाही" ही तक्रार ऐकली की पहिलं बोट या आकड्यावर ठेवा.

अलार्मचे रंग: लाल म्हणजे मला काही ऐकू येत नाही, पिवळा म्हणजे समोरच्याला माझं ऐकू येत नाही, निळा म्हणजे समोर वायर आहे पण त्यामागचं यंत्र मुकं आहे.

५. सिग्नलिंग

*पीआरआय आधी, कारण ते सोपं आहे.* खालून वर जा. अलार्म गेला का? मग स्लॉट १६ वरचा दुवा उभा राहिला का? पीआरआय शो स्पॅन्स या कमांडने तो "अप" दिसायला हवा. अलार्म नाही पण दुवा खाली असेल तर आपली बाजू ग्राहकाची, म्हणजे पीआरआय-सीपीई, ठेवली आहे का बघा. स्विचटाइप युरो आयएसडीएन, आणि सीआरसी-४ चा मेळ.

दुवा उभा राहिल्यावर स्पॅनचं डीबग चालू करून एक कॉल लावा. सेटअप, कॉल प्रोसीडिंग, अलर्टिंग, कनेक्ट हे चार निरोप ओळीने दिसतात. कॉल तुटला की कारणाचा क्रमांक येतो, आणि तो क्रमांक हीच तुमची खरी माहिती. १६ म्हणजे नेहमीसारखा ठेवला, १७ व्यस्त, १९ वाजला पण उचलला नाही, १ असा नंबरच नाही, २८ नंबरची रचना चुकली, ३४ मोकळं चॅनेल नाही. २८ आला तर दोष बहुधा तुमच्या डायल प्लॅनमध्ये. ३४ दुपारी बारालाच येत असेल तर तीस चॅनेल खरंच भरत आहेत.

येणारा कॉल वाजतच नसेल तर ऑपरेटर किती अंक पाठवतो ते डीबगमध्ये वाचा. तुम्ही आठ अंकांची वाट बघताय आणि तिकडून शेवटचे चारच येतायत, हे फार वेळा होतं. जाणाऱ्या कॉलवर तुमच्या मालिकेबाहेरचा नंबर दाखवायचा प्रयत्न केला तर एक्स्चेंज तो बदलून पायलट नंबर लावतं किंवा कॉलच नाकारतं.

*अ‍ॅनालॉगवर* सिग्नलिंग आवाजातच मिसळलेलं असल्याने कार्डाला अंदाज बांधावा लागतो. पहिला सापळा नावांचा: एफएक्सओ पोर्टला सेटिंगमध्ये एफएक्सएस सिग्नलिंग द्यायचं आणि एफएक्सएस पोर्टला एफएक्सओ. पोर्ट ज्याच्याशी बोलतो त्याचं नाव तिथे येतं. उलटं दिलं तर डाहडी-कॉन्फिग चूक दाखवून थांबतं.

देश भारत ठेवा, टोनझोनमध्येही आणि एफएक्सओच्या ऑपमोडमध्येही. आपला डायल टोन ४०० हर्ट्झचा, २५ हर्ट्झने हलणारा. रिंगची लय ०.४ सेकंद चालू, ०.२ बंद, ०.४ चालू, २ सेकंद बंद. व्यस्त टोन ४०० हर्ट्झ, पाऊण सेकंद चालू आणि पाऊण बंद. कन्जेशन तोच, पण पाव-पाव सेकंदाचा. सेटिंग अमेरिकेचं राहिलं तर कार्ड भलत्याच टोनची वाट बघत बसतं.

कॉलर आयडीसाठी आधी लाइनवर ती सेवा चालू आहे का बघा, साधा डिस्प्लेवाला फोन लावून. अमेरिकेत नंबर पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मधे मोडेमच्या सुरात येतो. आपल्या बऱ्याच लँडलाइनवर मात्र तो पहिल्या रिंगच्या आधी, लाइनची ध्रुवता पलटून, डीटीएमएफ टोनमध्ये (बटण दाबल्यावर ऐकू येणाऱ्या सुरांत) येतो. म्हणून सीआयडी सिग्नलिंगला डीटीएमएफ आणि सीआयडी स्टार्टला पोलॅरिटी-इन. अ‍ॅस्टेरिस्कमध्ये हा पर्याय भारतासाठीच घातलेला आहे. फायबरच्या ओएनटीवर हे वेगळं असू शकतं, तिथे दोन्ही पद्धती लावून बघा.

सगळ्यात त्रासदायक भाग म्हणजे कॉल संपल्याचं न कळणं. ग्राहक फोन ठेवून गेला, आयव्हीआर अजून "एक दाबा" म्हणतोय, लाइन अडकली. एक्स्चेंज ध्रुवता पलटून खूण देत असेल तर त्यावर अवलंबून राहा, सर्वांत भरवशाची तीच. देत नसेल तर बिझी डिटेक्ट चालू करा, मोजणी चार टोनांची आणि नमुना ७५०-७५० ठेवा. दोनच टोनांवर कॉल तोडायला सांगितलं तर बोलताना कुणाच्या आवाजाची लय जुळून चालू कॉल तुटतो. कॉल प्रोग्रेस नावाचा पर्याय आहे, तो बंदच ठेवा.

६. आवाज: लेव्हल आणि इको

आठ बिटांत आवाज बसवण्याच्या दोन पद्धती आहेत. भारतात आणि युरोपात ए-लॉ, अमेरिका आणि जपानमध्ये म्यू-लॉ. एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दुसरी झाली तर शब्द कळतात, पण आवाज फाटलेला आणि खरखरीत येतो. आयपी फोनच्या बाजूलाही ए-लॉच पहिल्या क्रमांकावर ठेवा, मग मधे रूपांतरच होत नाही.

लेव्हलसाठी डाहडी-मॉनिटरवर येणारा आणि जाणारा आवाज बघा. आरएक्स गेन आणि टीएक्स गेन एका वेळी एकच, २ डेसिबेलच्या पायरीने बदला. डोळ्याला बार मोठा दिसावा म्हणून ८-१० डेसिबेल चढवणं हा इको ओढवून घेण्याचा हमखास मार्ग आहे.

इको तयार होतो तो दोन तारांची लाइन चार तारांत फुटते त्या हायब्रिडमध्ये. तिथे इम्पिडन्स पूर्ण जुळत नाही, तुमचा आवाज थोडा परततो, आणि आयपी नेटवर्कचा उशीर त्यात मिळाला की तो कानाला वेगळा ऐकू येतो. उपाय क्रमाने करा. आधी गेन शून्यावर आणा. मग एफएक्सओ पोर्टवर एफएक्सओट्यून चालवा, ते लाइनच्या स्वभावानुसार पोर्टचे गुणांक ठरवतं. मोठ्या यंत्रणेत याला वेळ लागतो आणि त्या काळात लाइन वापरता येत नाही, म्हणून रविवारी करा. त्यानंतर इको कॅन्सेलर. हार्डवेअरचा साधारण १२८ मिलिसेकंदांपर्यंतचा इको धरतो, म्हणजे ८००० हर्ट्झला १०२४ नमुने. कॉलच्या पहिल्या एकदोन सेकंदांत थोडा इको राहिला तर घाबरू नका, कॅन्सेलर तेवढ्यात शिकत असतो.

७. अंक ओळखणं

डीटीएमएफच्या प्रत्येक बटणाचे दोन सूर असतात, एक ६९७, ७७०, ८५२, ९४१ मधला आणि एक १२०९, १३३६, १४७७, १६३३ हर्ट्झमधला. ५ म्हणजे ७७० आणि १३३६. सॉफ्टवेअर गोअर्टझेल पद्धतीने फक्त या आठ सुरांची ताकद मोजतं. अ‍ॅस्टेरिस्क १०२ नमुन्यांचे, म्हणजे पावणेतेरा मिलिसेकंदांचे तुकडे घेतं.

अंक हुकत असतील तर बहुधा तुमचाच आयव्हीआर फार मोठ्याने बोलतोय आणि त्याचा इको ग्राहकाच्या टोनवर पडतोय. प्रॉम्प्टची पातळी खाली आणा. एकाचे दोन अंक येत असतील तर रिलॅक्स डीटीएमएफ बंद करा. आयपी बाजूला आवाज कमी बिटांत आवळणारा जी-७२९ असेल तर टोन आवाजातून पाठवूच नका, आरएफसी ४७३३ ची घटना म्हणून पाठवा.

८. मराठी प्रॉम्प्ट

ध्वनिमुद्रण ८००० हर्ट्झ, १६ बिट, मोनो. फोनची पट्टी ३०० ते ३४०० हर्ट्झची, त्यात "स", "श", "फ" यांचा वरचा भाग कापला जातो, म्हणून स्पष्ट उच्चाराचा आवाज निवडा आणि मागे संगीत ठेवू नका.

रक्कम वाचून दाखवायची असेल तर इंग्रजीची पद्धत इथे मोडते. इंग्रजीत दशक आणि एकक जोडून काम भागतं. मराठीत अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास, त्रेसष्ट यांपैकी एकही जोडून होत नाही. ० ते ९९ अशा शंभरही फाइल वेगळ्या लागतात. त्यावर एकशे ते नऊशे अशा ९ फाइल, नेमक्या १०० साठी "शंभर", मग हजार, लाख, कोटी. १०१ ला "शंभर एक" म्हणणारा आयव्हीआर ऐकणाऱ्याला लगेच खटकतो. वेळ सांगायची असेल तर साडे, सव्वा, पावणे आणि त्यांचे अपवाद, दीड आणि अडीच, हेही एकाच बैठकीत मुद्रित करून घ्या. नंतर जोडलेल्या फाइलचा आवाज जुळत नाही.

९. डायल प्लॅन आणि कायदा

पुण्यात स्थानिक लँडलाइन आठ अंकांची. लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी ० लागतो, १५ जानेवारी २०२१ पासून. बाहेरची लाइन घ्यायला ऑफिसात ० ठेवला असेल तर लोकांना दोनदा ० दाबावा लागतो आणि ते एकदाच दाबतात. त्यापेक्षा उपसर्ग काढून टाका, ० ने सुरू होणारे अकरा अंक आणि आठ अंकी स्थानिक नंबर थेट बाहेर सोडा. ११२, १०० आणि १०८ प्रत्येक एक्स्टेंशनवरून लागलेच पाहिजेत. अ‍ॅनालॉगवर नंबर लावण्याआधी अर्धा ते एक सेकंद थांबा, नाहीतर डायल टोन येण्याआधीच पहिला अंक वाया जातो.

परदेशातून इंटरनेटवर आलेला कॉल स्थानिक पीआरआयवर उतरवणं हा टोल बायपास आहे आणि तो बेकायदा आहे. २०२० च्या सुधारणेनंतर कॉल सेंटरला ओएसपी (इतर सेवा पुरवठादार) नोंदणी लागत नाही, याचा अर्थ ही बंदी उठली असा नाही. प्रचाराचे कॉल करायचे असतील तर ट्रायचे २०१८ चे नियम लागू होतात: ऑपरेटरकडे नोंदणी करा आणि १४० ने सुरू होणारा नंबर घ्या.

१०. चालू करण्याआधीची चाचणी

ही चाचणी लोक उरकून टाकतात. नीट करा. प्रत्येक लाइनवर येणारा आणि जाणारा एकेक कॉल, दोन्ही बाजूंनी ठेवून बघणं, मोबाइलवरून आणि लँडलाइनवरून आयव्हीआरमध्ये ० ते ९, स्टार (*) आणि हॅश (#). तीसही चॅनेल एकदम भरून डाहडी-टेस्ट पुन्हा चालवा, कारण रिकाम्या सर्व्हरचा आकडा फसवा असतो. त्याच वेळी रेकॉर्डिंग चालू ठेवा. ए-लॉमध्ये एका चॅनेलचा तास २८.८ मेगाबाइट, तीस चॅनेल आठ तास भरली तर रोज सुमारे ६.९ गिगाबाइट, १६ बिट वेव्हमध्ये याच्या दुप्पट. डिस्क त्या हिशेबाने घ्या, आणि रेकॉर्डिंगची डिस्क प्रणालीच्या डिस्कपासून वेगळी ठेवा.

ऑपरेटरकडे तक्रार करायची वेळ आली तर सोबत चार गोष्टी द्या: कॉलची तारीख आणि सेकंदापर्यंतची वेळ, दोन्ही नंबर, डीबगमधला कारण क्रमांक, आणि लूपबॅक लावल्यावर अलार्म गेला की राहिला. एक्स्चेंजच्या माणसाला आपल्या बाजूचा ट्रेस शोधायला एवढं पुरतं. यातलं काहीच नसेल तर "लाइन तपासली, ठीक आहे" एवढंच उत्तर येतं.